येशू हसायचा का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये श्रद्धा, हसणं, गाणी, चित्रं, पुस्तकं असं सगळं एकत्र आलंय. बहुतेक प्रश्न नाशिकचेच आहेत. जे विषय मोठे आहेत त्यांना जास्त जागा दिलीये, बाकीचे थोडक्यात.

प्रश्न (एक आजी, नाशिकरोड): बाळ येशूच्या यात्रेहून घरी येताना माझ्या नातीने विचारलं, आजी, येशू मोठा झाल्यावर हसायचा का गं? मला काही सांगता आलं नाही. आमच्याकडे मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळी कुणी हसलं की मोठी माणसं डोळे वटारतात. येशू रडला असं बायबलमध्ये आहे, तो हसला असं कुठे आहे का?

उत्तर: आजी, नातीला बिनधास्त सांगा की हसायचा. तुमचं म्हणणं बरोबर आहे, लाजरच्या कबरीपाशी येशू रडला असं योहानाने स्पष्ट लिहिलंय आणि तो हसला असं वाक्य चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, सापडत नाही. पण माणूस हसरा होता की नाही हे तो काय बोलायचा, कुणाच्या घरी जेवायला जायचा यावरूनही कळतंच ना. योहानाने सांगितलेलं त्याचं पहिलं चिन्ह, म्हणजे चमत्कार, लग्नघरात घडलं, द्राक्षारस संपला होता आणि यजमानाची फजिती होणार होती म्हणून. त्याला नावं ठेवणारे लोक म्हणायचे की हा खादाड आणि दारुडा आहे, जकातदारांचा दोस्त आहे. कायम सुतकी चेहरा करून फिरणाऱ्याबद्दल असली तक्रार कुणी करेल का?

आता त्याचं बोलणं बघा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला एक माणूस निघालाय आणि त्याच्या स्वतःच्या डोळ्यात अख्खं मुसळ आहे. आपण हे मराठीत इतक्यांदा बोलतो की ते चित्र डोळ्यासमोर यायचंच बंद झालंय, पण गालिलात समोर बसलेल्या मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं असेल तेव्हा हसू आवरलं नसणार याची मला खात्री आहे. मत्तयाच्या २३व्या अध्यायात तर तो परुश्यांना, म्हणजे कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, म्हणतो की तुम्ही चिलट गाळून काढता आणि उंट गिळता. चुकून अशुद्ध किडा पोटात जाऊ नये म्हणून द्राक्षारस फडक्यातून गाळून प्यायची पद्धत होती, आणि मोशेच्या नियमाप्रमाणे उंटही अशुद्धच, म्हणजे कुबडासकट एवढं मोठं अशुद्ध जनावर घशाखाली गेलं तरी यांना पत्ता नाही!

आणि सुईच्या नाकातून जाणारा उंट. काही प्रवचनांत सांगतात की यरुशलेममध्ये सुईचं नाक नावाचा छोटा दरवाजा होता, उंटाला त्यातून ओझं उतरवून गुडघ्यावर जावं लागायचं. अशा दरवाजाचा पुरावा त्या काळातल्या कुठल्याही लिखाणात नाही, ही गोष्ट फार उशिरा तयार झाली. मला ती अजिबात आवडत नाही, कारण त्यामुळे येशूच्या वाक्यातली गंमतही जाते आणि धारही जाते. त्याला अशक्यच म्हणायचं होतं. म्हणून तर शिष्य घाबरून विचारतात, मग तारण होणार तरी कुणाचं, आणि तेव्हा तो सांगतो की माणसांना हे अशक्य आहे पण देवाला सगळं शक्य आहे. आधी हसवलं, मग घाबरवलं, मग धीर दिला, हे सगळं चार वाक्यांत!

जुन्या करारात योना आहे. निनवे शहराने पश्चात्ताप केला, देवाने नाश टाळला, आणि हा संदेष्टा खूश व्हायचं सोडून शहराबाहेर रुसून बसला. देवाने सावलीला वेल उगवला तेव्हा स्वारी आनंदात, दुसऱ्या दिवशी किडीने वेल खाल्ला तर म्हणे मला मरणच दे. तेव्हा देव विचारतो की तुला एका वेलाची इतकी हळहळ, मग ज्यांना उजवा हात डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांच्या वर माणसं तिथे आहेत, आणि शिवाय पुष्कळ गुरंढोरं, त्यांची मला वाटू नये का? पुस्तक तिथेच संपतं, गुरांवर! योनाने काय उत्तर दिलं ते सांगितलंच नाहीये. मला हे बायबलमधलं सगळ्यात प्रेमळ हसू वाटतं, देव योनाला रागावत नाही, त्याच्याशी घरच्यासारखं बोलतो.

तुमच्याकडची मोठी माणसं डोळे का वटारतात तेही मला समजतं. शुभवर्तमानांत येशूभोवती जे हसणं प्रत्यक्ष लिहिलेलं आहे ते टवाळीचं आहे. याइराची मेलेली मुलगी नुसती झोपली आहे असं तो म्हणाला तेव्हा लोक त्याला हसले, शिपायांनी काट्यांचा मुकुट घालून त्याची थट्टा केली, क्रुसाखाली उभं राहून पुढाऱ्यांनी केली. ते हसणं देवळात नकोच, आणि देवळाबाहेरही नको. येशू स्वतः कुणाला बोलायचा हे नीट पाहिलं तर लक्षात येतं की त्याचे सगळे टोले धर्माचा तोरा मिरवणाऱ्यांना आणि पैशावर विसंबणाऱ्यांना आहेत. आजारी, विधवा, व्यभिचाराच्या आरोपावरून पकडून आणलेली ती बाई, यांच्यावर त्याने एकदाही विनोद केला नाही. नातीला एवढा फरक कळला की मग तिला मिस्सात हसू आलं तर येऊ द्या.

प्रश्न (कॉलेजचा विद्यार्थी, पंचवटी): माझा एक ख्रिस्ती मित्र आहे, त्याच्यासोबत चर्चमध्ये गेलो तर तिथे पेटी, तबला, टाळ आणि चक्क अभंग! आवडलं, पण घरी सांगितल्यावर काका म्हणाले की हे सगळं आपलं उचलून प्रचारासाठी वापरतात. खरं काय?

उत्तर: मित्रा, काकांचा प्रश्न टाळण्यासारखा नाहीये. मिशनरी धर्म सांगायलाच आले होते आणि लोकांच्या भाषेत सांगितलं तर पोचतं हे त्यांना कळत होतं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट (कॅथलिक संघातला धर्मगुरू) १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं. जवळपास अकरा हजार ओव्या. उद्देश धर्मशिक्षणाचाच होता. पण फक्त उद्देशासाठी कुणी एवढ्या ओव्या जीव ओतून लिहीत नाही, आणि त्यात मराठीचं जे कौतुक त्याने केलंय, फुलांत मोगरी, परिमळांत कस्तुरी, ते मराठीच्या प्रेमात पडलेल्या माणसाचंच आहे.

पण तू ऐकलेला अभंग बहुतेक रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा असणार, आणि तिथे उचलण्याचा प्रश्नच येत नाही. टिळक १८६१ मध्ये कोकणात जन्मले, लहानपणीच आई गेल्यावर नाशिकला आले, इथे गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत आणि काव्य शिकले. कीर्तन, ओवी, अभंग हे त्यांच्या अंगातच होतं. १८९३ मध्ये राजनांदगावला नोकरीसाठी जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते पुस्तक खाली ठेववेना, मग १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे. आता असा माणूस प्रार्थना करायला बसला तर काय ऑर्गनवर इंग्लिश चालीत करणार का? तो अभंगच म्हणणार. बाप्तिस्मा घेतल्यावर धर्म बदलला, जीभ तीच राहिली, आईने ओव्या म्हणून वाढवलेला मुलगा होता तो.

उलट मला वाटतं टिळकांनी आपल्या मिशनलाच जास्त अडचणीत टाकलं, कारण त्या वेळी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये इंग्लिश गीतांची भाषांतरं इंग्लिश चालीत गायची पद्धत होती आणि हे म्हणत होते की ख्रिस्त आपल्या मातीतला वाटला पाहिजे. आज आमच्या उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकात त्यांची कितीतरी गाणी आहेत आणि म्हाताऱ्या माणसांना ती पुस्तक न उघडता येतात.

काकांना एकदा चर्चमध्ये घेऊन ये. प्रचार वाटला तर उठून जाऊ दे, पण टाळ हातात आला तर ते ताल धरतील असं मला वाटतं.

प्रश्न (एक वाचक, देवळाली कॅम्प): आमच्या भिशीच्या ग्रुपमध्ये आम्ही लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे वाचतोय. सगळ्या हसतात, मला मात्र राग येतो. नवरा न सांगता निघून जातो, घरातलं वाटून टाकतो, धर्म बदलतो आणि लक्ष्मीबाई विनोद करतात! हे सोसणंच झालं ना? यात श्रद्धा कुठे आली?

उत्तर: ताई, तुमचा राग अगदी योग्य आहे, आणि तो दाबून टाकून हे पुस्तक वाचू नये असं मला मनापासून वाटतं. लक्ष्मीबाई १८६८ मध्ये आपल्या गंगापूरजवळच्या जलालपूरला जन्मल्या, गोदावरीच्या काठी, आणि लहान वयात याच नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक बाप्तिस्मा घेतात तेव्हा ही बाई लहान मुलगा घेऊन माहेरच्या माणसांच्या आधाराने राहते, पाच वर्षं. तिच्या दृष्टीने नवरा जिवंत असून गेल्यात जमा, आणि लोकांचे टोमणे रोजचे. याला काही गोड नाव देता येत नाही.

पण ती हसते कुणाला ते बघा ना. टिळकांना हसते, त्यांच्या तिरसटपणाला, उधळेपणाला, आणि ते महाराष्ट्राचे मोठे कवी आणि मंडळीतले थोर पाळक असताना! वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याला हसते. स्वतःलाही हसते. ज्यांच्यापुढे बायकांनी तोंड उघडायचं नाही अशी जी जी माणसं तिच्या घरात होती त्या सगळ्यांना तिने माणसांच्या मापात आणून ठेवलं, आणि कुठेही सूड नाही. गप्प सोसणाऱ्या बाईला हे जमत नाही, मुकाट्याने सोसलं असतं तर आपल्यापर्यंत एक ओळ आली नसती. शाळेत न गेलेली, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली बाई १९३४ पासून भागाभागाने हे पुस्तक काढते आणि मराठीतलं सर्वोत्तम आत्मचरित्र कुठलं असं विचारलं तर आजही पहिलं नाव हेच घेतात.

श्रद्धा कुठे आली विचारता, तर मला ती तिच्या बदलण्याच्या पद्धतीत दिसते. ती टिळकांच्या मागे लगेच गेली नाही. जातपात कुणी केली, देवाने की माणसांनी, हा प्रश्न तिने स्वतःच्या डोक्याने सोडवला, आधी सोवळंओवळं सुटलं, कुणाच्याही हातचं पाणी पिऊ लागली, आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःच्या वेळेला. नंतर प्लेगमध्ये रोग्यांची सेवा केली, घरात आलेल्या पोरांना आई झाली. बालकवी ठोंबरे त्यांतलेच एक. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तायन अर्धवट पडलं होतं, ओवीबद्ध, फार मोठं काम, ते पुढे कुणी नेलं तर हिनेच. ज्या नवऱ्याने एवढं रडवलं त्याचं काव्य तिने पुढे नेलं कारण तोपर्यंत त्यातला ख्रिस्त तिचा स्वतःचा झाला होता, असं मी वाचतो. तुम्हाला वेगळं दिसलं तर जरूर लिहा.

ग्रुपला घेऊन एकदा जलालपूरला जा, देवळालीहून फार लांब नाही. १९३६ मध्ये त्या गेल्या त्याही नाशिकमध्येच. या शहरात तीर्थं आणि वाइनरी बघायला लोक येतात, पण एवढ्या मोठ्या लेखिकेचं गाव कुणाला दाखवत नाही आपण, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न (चित्रकलेच्या शिक्षिका, सिडको): नाताळसाठी मुलांनी नऊवारीतली मरिया आणि घोंगडीवाले मेंढपाळ काढले. काही पालक म्हणाले की हे बायबलला धरून नाही. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर: बाई, भिंतीवर लावा ती चित्रं! निळा झगा घातलेली गोरी मरिया तरी बायबलला धरून कुठे आहे? युरोपच्या चित्रकारांनी तिला आपल्या गावची करून घेतलं, ब्रूगेलने तर १५६६ मध्ये बेथलेहेमची शिरगणती फ्लँडर्सच्या बर्फात रंगवली आणि त्यावर कुणी हरकत घेत नाही. आपल्याकडे आंजेलो द फोन्सेका होते, १९०२ चा जन्म, गोव्याचे, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकले आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून आयुष्यभर साडीतली मरिया रंगवत बसले. गोव्यात त्यांच्यावर खूप टीका झाली. आज तीच चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जपून ठेवली आहेत. पालकांना ती मोबाइलवर दाखवा. मेंढपाळांना घोंगडी तर हवीच, रात्री रानात राखण करत होते ते.

प्रश्न (एक वाचक, गंगापूर रोड): शरणपूरमध्ये आफ्रिकन मुलं राहायची असं ऐकलं. ही दंतकथा आहे का?

उत्तर: दंतकथा नाही, पूर्ण खरं आहे. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरची वसाहत उभी केली, आणि गुलामांच्या जहाजांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे आणली जायची. शाळा, सुतारकाम, लोहारकाम, बायबल. त्यांतला एक जेकब वेनराइट. १ मे १८७३ च्या सुमारास आफ्रिकेत फिरलेले मिशनरी आणि शोधक डॉ. लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं आणि दफनाची प्रार्थना वाचली ती या नाशिकमध्ये शिकलेल्या जेकबने, झाडावर नावही त्यानेच कोरलं. मग लिव्हिंगस्टनच्या सगळ्या सोबत्यांनी मिळून तो देह दीड हजार किलोमीटरच्या वर चालत किनाऱ्यापर्यंत नेला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्यांत जेकब होता.

या मुलांना साखळदंडातून सोडवलं हे मोठंच काम, पण नंतर त्यांनी कुठे जायचं, काय करायचं हेही मिशनच्या योजनेतच बसवलं गेलं, १८७४-७५ पासून त्यांतल्या बऱ्याच जणांना मोंबासाजवळच्या फ्रीरटाऊनला पाठवलं. दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. शरणपूर रोडवर एक साधा फलक तरी त्यांच्या नावाने असावा असं मला फार वाटतं.

प्रश्न (एक वाचक, सातपूर): तुमच्या नाताळात करंज्या, शंकरपाळे, चकल्या कशा? केक कुठे गेला?

उत्तर: केकही असतो! पण सण म्हटलं की मराठी घरात कढई चढणारच, धर्म कुठलाही असो. या वर्षी शेजारच्यांकडे न्यायला एक डबा जास्त करा, आणि आमच्याकडे आलात तर रिकाम्या हाती पाठवणार नाही.

प्रश्न (दोन मुलांची आई, इंदिरानगर): मुलं इंग्लिश मीडियमची, मराठी उपासनेत कंटाळतात, मराठी बायबल कठीण वाटतं. इंग्लिश सर्व्हिसला न्यायला लागू का?

उत्तर: त्यांना देवाशी इंग्लिशमध्ये बोलावंसं वाटलं तर बोलू द्या, त्यात काही चूक नाही. पण मराठी सोडू नका, कारण आजी-आजोबांची प्रार्थना त्या भाषेत आहे आणि मरणाच्या, आजारपणाच्या वेळी घरात तीच म्हटली जाते, मुलांना तेव्हा ती परकी वाटायला नको.

भाषा कठीण वाटते ही तक्रार जुनीच आहे. पंडिता रमाबाईंनी याच कारणासाठी केडगावला मुक्ती मिशनचा सगळा व्याप सांभाळत हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत अख्खं बायबल केलं, १९२२ मध्ये मरणाच्या अगदी आधीपर्यंत त्या तपासत होत्या. आजच्या मुलांसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल घ्या, भाषा आपल्या बोलण्याजवळची आहे. हेच दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हेही मुलांना सांगा, म्हणजे मराठी आणि चर्च हे कोपऱ्यातलं प्रकरण आहे असं त्यांना वाटणार नाही.

आणि नुसतं वाचायला लावू नका, खेळायला लावा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२. पेत्र तुरुंगात, सगळी मंडळी एका घरात त्याच्या सुटकेसाठी रात्रभर प्रार्थना करतेय, देवदूत त्याला सोडवतो आणि तो येऊन दार ठोठावतो. रुदा नावाची पोरगी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते, सांगते पेत्र आलाय, तर प्रार्थना करणारे लोकच तिला म्हणतात तू वेडी आहेस! पेत्र बिचारा बाहेर ठोठावतोच आहे. दहा मिनिटांचं नाटुकलं होतं, संवाद मुलांनाच मराठीत लिहू द्या, चुकले तर चुकू द्या. आजोबांना पेत्र करा, म्हणजे तालमीला घरातले सगळे बसतील.